गाभाऱ्यातला गारवा गेला कुठे?



उन्हातान्हातून चालत येऊन तुम्ही एखाद्या जुन्या दगडी देवळात शिरलात, की आधी काय करता? हात जोडता, हो ना? पण हात जोडण्याच्याही आधी तोंडातून एक शब्द निसटतो. "हाऽऽश! काय गार वाटतंय इथे!"

गोव्यातल्या जाड भिंतींच्या जुन्या चर्चमध्ये शिरा, एखाद्या जुन्या मशिदीच्या कमानीखाली बसा, नाहीतर अजिंठ्याच्या चैत्यगृहात उभे राहा. तिथेही असंच वाटतं. पंखा नाही, कूलर नाही, तरी गारवा!

पण मंडळी, कधी कधी हाच गारवा नाहीसा होतो. देऊळ तेच, दगड तेच, तरी आत गेल्यावर जीव घाबरा होतो. असं का बरं होत असेल? मला हा प्रश्न पडला तो एका प्रसंगामुळे. तोच आधी सांगतो.

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. सोमवार होता. माझी आत्या बाहत्तर वर्षांची आहे. तिला आमच्या गावाजवळच्या महादेवाच्या दर्शनाला जायचं होतं. देऊळ जुनं, काळ्या दगडाचं. बाहेर नंदी, मग खांबांचा सभामंडप, आणि चार पायऱ्या खाली उतरलं की गाभारा. लहानपणी मी त्या गाभाऱ्यात भर उन्हाळ्यात गेलो होतो. पायाला फरशी अशी गार लागायची की तिथून निघावंसंच वाटायचं नाही.

आम्ही रांगेत उभे राहिलो. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती, हवा छान होती. अर्ध्या तासाने आमचा नंबर लागला. आत शिरलो मात्र, आणि वाटलं की कुणी तरी गरम ओला टॉवेल तोंडावर टाकलाय! दहा-बारा माणसं दाटीवाटीने उभी, समया पेटलेल्या, धूप, उदबत्त्या, ओल्या बेलाचा वास. पुजेला बसलेल्या गुरवकाकांच्या पाठीवरून घामाच्या धारा लागलेल्या. कोपऱ्यात एक पंखा गरगरत होता, पण त्याचा वारासुद्धा गरमच.

आत्याने पिंडीवर बेल वाहिला आणि माझा हात घट्ट धरला. "अरे, मला कसंतरीच होतंय रे," एवढंच म्हणाली आणि तिचे पाय लटपटले.

आमच्या मागे आठवीतली दोन मुलं होती. त्यातला एक ओरडला, "आजींना जागा द्या! बाजूला व्हा!" दुसऱ्याने तिचा दुसरा हात धरला. आम्ही तिला कसंबसं सभामंडपात आणलं, भिंतीला टेकवून बसवलं. मुलांनी वहीच्या पुठ्ठ्याने वारा घातला, ओला रुमाल कपाळावर ठेवला. पाच-दहा मिनिटांत तिच्या चेहऱ्यावर रंग आला. घोट घोट पाणी प्यायली आणि म्हणाली, "देवाच्या दारात असं व्हायला नको होतं गं बाई!"

देवाचा यात काही दोष नव्हता, आणि आत्याचाही नव्हता. मग दोष कुणाचा? चला, जरा शोध घेऊ.

गार वाटणं म्हणजे काय?

आपण सहज म्हणतो, आज ३५ अंश तापमान आहे, म्हणून गरम होतंय. पण तापमापकातला आकडा हा सगळा हिशेब नव्हे. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ फॅंगर यांनी १९७० साली या विषयावर एक मोठं पुस्तक लिहिलं. आपल्याला गरम वाटणार, गार वाटणार की अगदी बरं वाटणार, हे सहा गोष्टी मिळून ठरवतात, असं त्यांनी मांडलं.

बोटांवर मोजा. पहिली, हवेचं तापमान. दुसरी, आजूबाजूच्या भिंती, छत, जमीन यांचं तापमान. तिसरी, वारा. चौथी, हवेतला दमटपणा. पाचवी, अंगावरचे कपडे. आणि सहावी, आपण किती हालचाल करतोय ते. एखादा गड चढून तुम्ही देवळात शिरलात, तर तुमच्या शरीराची शेगडी नेहमीच्या चौपटीने किंवा त्याहूनही जास्त पेटलेली असते. शांत बसलेल्या पुजाऱ्याला बरं वाटत असतं तेव्हा तुम्हाला उकडतं, ते यामुळेच.

आता या सहांपैकी दुसरी गोष्ट पाहू. देवळाच्या गारव्याचं खरं गुपित तिथे आहे.

आळशी भिंत

आपल्याकडच्या देशावरची कितीतरी जुनी देवळं काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची आहेत. या दगडाच्या जाडजूड भिंतीचा एक गुण आहे. ती भारी आळशी असते! तिला तापायला वेळ लागतो आणि निवायलाही वेळ लागतो.

समजा दोन फूट जाडीची भिंत आहे. दुपारी दोन वाजता बाहेरच्या बाजूला ऊन रणरणतंय. ही उष्णता दगडातून आत सरकायला लागते, पण गोगलगाईच्या चालीने. पलीकडे पोचायला तिला बारा तासांहून जास्त वेळ लागतो. तोवर बाहेर रात्र झालेली असते आणि भिंतीची बाहेरची बाजू निवू लागते. त्यामुळे दिवसाची उष्णता आणि रात्रीचा गारवा भिंतीच्या पोटातच एकमेकांना भेटतात आणि विरून जातात. आतल्या बाजूला ना दुपार कळते, ना मध्यरात्र. आतली भिंत दिवस आणि रात्र यांच्या सरासरीवर राहते.

एप्रिलमध्ये दुपारी बाहेर ४० अंश आणि पहाटे २२ अंश असतील, तर आतल्या भिंती तीस-एकतीसच्या आसपास राहतात. तुम्ही म्हणाल, तीस म्हणजे काही गार नाही! पण आपल्या कातडीचं तापमान साधारण ३३-३४ अंश असतं. भिंती त्याहून थंड. त्यामुळे आपल्या अंगातली उष्णता हळूहळू त्या भिंतींकडे जाते. त्यांना हात लावायचीही गरज नाही. शेकोटीची धग दूर बसूनही लागते ना? इथे शेकोटी आपण असतो आणि शेकत असतात त्या भिंती!

आणि पायांचं काय? देवळात आपण अनवाणी असतो. गार दगडावर पाय ठेवला की दगड पायातली उष्णता पटकन ओढून घेतो. शेजारी सतरंजी अंथरलेली असते. तिचं तापमान दगडाएवढंच असलं तरी ती तशी गार लागत नाही, कारण सतरंजी उष्णता हळू ओढते. अनवाणी माणसाला देऊळ पायांनीसुद्धा गार वाटतं.

हेच पाय बाहेरच्या उघड्या आवारात मात्र भाजतात. दुपारी प्रदक्षिणा घालताना टाचांवर उड्या मारत पळणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. कदाचित त्यांत तुम्हीही असाल! म्हणूनच बऱ्याच ठिकाणी उन्हाळ्यात प्रदक्षिणेच्या वाटेवर काथ्याची चटई घालतात, नाहीतर पांढऱ्या रंगाचा पट्टा मारतात. पांढरा रंग ऊन परतवून लावतो, त्यामुळे खालची फरशी कमी तापते.

कोकणातलं देऊळ वेगळं का?

मग सगळीकडे अशी जाड दगडी देवळंच का बांधली नाहीत? कोकणात जा. तिथे उतरतं कौलारू छप्पर, लाकडी खांब, आणि बाजूंनी बराचसा मोकळा सभामंडप दिसतो. कारण तिथली हवा वेगळी. समुद्राजवळ दिवस आणि रात्र यांच्या तापमानात फरक कमी असतो. मग आळशी भिंत सरासरीवर राहिली तरी ती सरासरी काही गार नसते. शिवाय हवा दमट. तिथे माणसाला हवा असतो वारा. म्हणून भिंती कमी, मोकळेपणा जास्त. पाऊस आत येऊ नये म्हणून छप्पर चांगलं खाली उतरवलेलं.

गोव्याच्या जुन्या चर्चमध्ये भिंती जांभ्या दगडाच्या, जाड. आणि छत किती उंच! गरम हवा हलकी असते, ती वर जाऊन बसते. खाली बाकांवर बसलेल्या माणसांपासून दूर. आणि जुन्या मशिदींच्या अंगणात वजूसाठी हौद असतो. कोरड्या हवेत त्याच्या पाण्याची वाफ होताना आसपासची हवा थोडी निवते. माठातलं पाणी गार होतं ना, त्यातलाच हा प्रकार.

पाहिलंत? जिथली जशी हवा, तशी तिथली बांधणी.

माणूस नावाची शेगडी

बरं, आता आत्याच्या गाभाऱ्याकडे परत येऊ. भिंती तर जाड होत्या. श्रावणात ऊनही नव्हतं. मग उकाडा आला कुठून?

तो आम्हीच आत नेला होता!

मोठा माणूस शांत उभा असला तरी त्याच्या अंगातून साधारण १०० वॉट एवढी उष्णता सतत बाहेर पडत असते. म्हणजे जुन्या पिवळ्या प्रकाशाच्या १०० वॉटच्या दिव्याएवढी. दहा माणसं म्हणजे १,००० वॉट. घरात कपड्यांना इस्त्री करता ना? तशी एक इस्त्री त्या कोंदट खोलीत सतत चालू ठेवल्यासारखं झालं. वर समया आणि निरांजनं. एक साधी मेणबत्तीसुद्धा ८० वॉटच्या आसपास उष्णता देते, म्हणजे जवळजवळ एका माणसाएवढी! समईच्या पाच वाती लावल्या की दर्शनाला आणखी काही माणसं आल्यासारखंच.

पण उष्णतेपेक्षा मोठा खोडकर आहे तो दमटपणा. श्वासातून आणि घामातून एक माणूस तासाला अंदाजे ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. म्हणजे चहाचे दहा चमचे. वीस माणसं तासाला एक लिटर!

आता एक गणित करू या. वही-पेन्सिल घ्या. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच असा गाभारा आहे. २५ अंश तापमानाला या गाभाऱ्यातली हवा जास्तीत जास्त साडेसहाशे ग्रॅम वाफ सामावून घेऊ शकते. श्रावणात हवा आधीच दमट. समजा ८० टक्के. म्हणजे ५२० ग्रॅम वाफ आत अगोदरच आहे. उरली जागा किती? १३० ग्रॅमची. दहा माणसं तासाला ५०० ग्रॅम वाफ सोडतात. मग किती वेळात हवा भरेल? भागाकार करा. पाव तासात!

आत हवा जाण्या-येण्याची वाट नसेल, तर पाव तासात त्या गाभाऱ्यातल्या हवेला आणखी एक थेंबही नको असतो. खरं तर गर्दीने हवा तापते आणि थोडी जास्त वाफ धरते, तेवढी सवलत मिळते. पण भिंती थंड असतात, तिथे वाफेचं पुन्हा पाणी होतं. म्हणून दगडी भिंतीला घाम फुटल्यासारखा दिसतो.

आणि माणसाचं काय होतं? आपलं शरीर निवतं ते घाम वाळल्यामुळे. नुसता घाम येऊन उपयोग नाही, तो वाळायला हवा. भरलेल्या हवेत घाम वाळत नाही. तो पाठीवरून नुसता ओघळतो, जसा गुरवकाकांच्या पाठीवरून ओघळत होता. म्हाताऱ्या माणसांचं शरीर उष्णतेशी झगडण्यात आधीच थोडं मागे पडतं. त्यात उपास, त्यात तासभर उभं राहणं. मग चक्कर येणारच.

वर एक झरोका होता

आत्या सावरल्यावर मी गुरवकाकांना विचारलं, "काका, पूर्वी इथे एवढं उकडायचं नाही. आता काय झालं?"

त्यांनी वर बोट दाखवलं. "तो झरोका होता ना, तो बंद केला. कबुतरं आत यायची, घाण करायची. म्हणून काच बसवली. आणि खाली ही चकचकीत फरशी. देऊळ छान दिसावं म्हणून केलं सगळ्यांनी, पण तेव्हापासून हवा कोंडते."

हेच ते! दार खाली, झरोका वर. माणसांनी आणि समयांनी तापलेली हवा वर जायची आणि झरोक्यातून बाहेर पडायची. तिच्या जागी दारातून खालून ताजी हवा आत यायची. एकही पैसा खर्च न करता हे चक्र शेकडो वर्षं चालू होतं. काच बसवली आणि चक्र थांबलं. कोपऱ्यातला पंखा बिचारा काय करणार? तो तीच वापरलेली हवा घुसळत होता.

चुलीवरच्या स्वयंपाकघराला वर धुराडं ठेवायचे, त्यातही हेच तत्त्व. कोल्हापूर जिल्ह्यात कृष्णेच्या काठी खिद्रापूरला कोपेश्वराचं देऊळ आहे. त्याच्या स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे. खाली उभं राहून वर पाहिलं की थेट आकाश दिसतं! सहलीला गेलात तर तिथे उभे राहा आणि विचार करा, इथे होम पेटवला तर धूर आणि गरम हवा कुठे जाईल?

सगळ्याच देवळांच्या गाभाऱ्याला झरोका नसतो, हेही लक्षात ठेवा. पुष्कळ गाभारे पूर्ण बंद असतात, दार तेवढं एक. पण गाभारा हा मुळात देवाची खोली. पुजारी आत, आणि मंडळी बाहेर सभामंडपात, अशी ती रचना. एका-दोघांसाठी असलेल्या खोलीत आपण दिवसभर रांग लावली, तर ती खोली तरी काय करील?

आता चकचकीत फरशीबद्दल. जुन्या बांधकामात दगडांचे सांधे आणि चुना थोडी ओल शोषून घेतात आणि हवा कोरडी झाली की सोडून देतात. त्यांच्यावर सिमेंटने गुळगुळीत फरशी चिकटवली की ही वाट बुजते. ओल मग दुसरीकडून वाट काढते, भिंतींना पोपडे येतात. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात २०२४ साली जतनाचं मोठं काम झालं. तेव्हा गाभाऱ्यात नंतरच्या काळात बसवलेली फरशी काढून मूळचा काळा दगड पुन्हा मोकळा केला गेला.

मग एसी का नको?

तुमच्यातला एखादा हुशार मुलगा नाहीतर मुलगी लगेच म्हणेल, "एवढी चर्चा कशाला? एसी लावा की!"

नव्या इमारतीत लावायला हरकत नाही. पण गाभाऱ्याचं दार दिवसभर उघडं असतं. बाहेरची दमट हवा सतत आत येत राहणार आणि वीज भरमसाट खर्च होणार. शिवाय जुन्या वास्तूला आणि मूर्तीला एक गोष्ट सोसत नाही. ती म्हणजे घडीत थंड, घडीत गरम, घडीत कोरडं, घडीत ओलं.

याचा अनुभव थंड देशांतल्या लोकांनी उलट्या बाजूने घेतला आहे. युरोपातली जुनी दगडी चर्चेस हिवाळ्यात गारठलेली असतात. पूर्वी त्यांत गरम करायची सोयच नव्हती, लोक जाड कोट घालून प्रार्थनेला बसत. पुढे हीटर आले. रविवारी सकाळी मोठ्या भट्ट्या लावून सगळं चर्च भराभर तापवायचं, दुपारी बंद करायचं. माणसांना ऊब मिळाली, पण आतली हवा एकदम कोरडी पडू लागली. जुन्या लाकडी मूर्ती, रंगवलेली चित्रं, ऑर्गन नावाचं मोठं वाद्य यांचं लाकूड आक्रसून त्याला चिरा पडू लागल्या. तेव्हा जाणकारांनी वेगळी युक्ती काढली. सगळं चर्च तापवण्याऐवजी फक्त बाकांना हलकी ऊब द्यायची. माणूस जिथे बसतो तिथेच ऊब. उंच छतापर्यंतची हवा आहे तशीच राहू द्यायची.

किती साधी गोष्ट! आधी माणसाला काय हवंय ते पाहायचं, आणि त्यासाठी वास्तूला कमीत कमी त्रास द्यायचा.

पुढे काय झालं?

आत्याला सांभाळणारी ती दोन मुलं आठवतात ना? मी त्यांना हे सगळं सांगितलं तर ती गप्प बसणार होती थोडीच! त्यांनी शाळेतल्या सरांना गाठलं. प्रयोगशाळेतले दोन तापमापक घेतले. एकाच्या टोकाला ओल्या सुती कापडाची चिंधी गुंडाळली, दुसरा कोरडा ठेवला. हवा कोरडी असेल तर ओल्या चिंधीतलं पाणी वाळतं आणि तो तापमापक कमी आकडा दाखवतो. हवा वाफेने भरलेली असेल तर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात.

पुढच्या सोमवारी गुरवकाकांच्या परवानगीने त्यांनी सभामंडपात आणि गाभाऱ्याच्या दारात आकडे घेतले. सभामंडपात दोन्ही तापमापकांत फरक दिसत होता. गाभाऱ्याच्या दारात तो जवळजवळ उरलाच नव्हता! मुलांनी सगळे आकडे एका कागदावर व्यवस्थित लिहिले आणि सरांबरोबर जाऊन विश्वस्तांपुढे ठेवले.

पहिल्यांदा थोडी कुरबूर झाली. "कबुतरांचं काय?" एक आजोबा म्हणाले. मुलं म्हणाली, "आजोबा, काचेऐवजी बारीक तारेची जाळी लावा. कबुतर अडेल, वारा नाही." आजोबा हसले. आणि झालं तसंच. काच निघाली, जाळी लागली. आत एका वेळी पाचच माणसं सोडायची असं ठरलं. म्हाताऱ्या माणसांसाठी सभामंडपात एक बाक आला. पिण्याच्या पाण्याचा माठ आला. फरशीचं मात्र अजून ठरायचं आहे. ते काम जाणकारांना विचारूनच करायला हवं.

यंदाच्या श्रावणात आत्याला पुन्हा घेऊन गेलो. दर्शन घेऊन ती शांतपणे पायऱ्या चढून वर आली, बाकावर बसली आणि म्हणाली, "अगदी पूर्वीसारखं वाटलं रे." मला तेवढं बक्षीस पुरलं.

तुम्ही करून पाहा

आता तुमची पाळी. तुमच्या गावातलं देऊळ, मशीद, चर्च, विहार, गुरुद्वारा, कुठलंही चालेल. आधी तिथल्या मोठ्या माणसांची परवानगी घ्या.

१. तापमापक प्रयोगशाळेतला घ्या. ताप मोजायचा नको. सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी बाहेरच्या सावलीत आणि आतमध्ये तापमान मोजा. दोन्हींचा आलेख काढा. बाहेरची रेघ डोंगरासारखी येते, आतली कशी येते ते पाहा.

२. दाराशी एक उदबत्ती धरा, मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली. एकदा उंबऱ्याजवळ, एकदा शक्य तेवढी वर. धूर कुठे आत जातो, कुठे बाहेर येतो, याची नोंद करा.

३. गर्दी नसताना आणि गर्दी असताना कोरडा आणि ओला असे दोन्ही आकडे घ्या.

आणि एक गोष्ट आईबाबांनीही लक्षात ठेवायची. गर्दीत कुणाला गरगरलं, तर भोवती कोंडाळं करू नका. त्यांना मोकळ्या सावलीत आणा, आडवं करून पाय थोडे उंच ठेवा, कपडे सैल करा, अंगाला ओलं फडकं लावून वारा घाला. पूर्ण शुद्धीवर असतील तरच घोट घोट पाणी द्या. बोलणं असंबद्ध होत असेल, अंग खूप तापलं असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर वेळ न घालवता १०८ नंबरला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

दर्शनाच्या रांगेत पुढच्या वेळी उभे राहाल, तेव्हा मान वर करून झरोका शोधा. उघडा आहे की बुजवलेला? आणि मागे एखादी आजी उभी असेल, तर तिला विचारा, "आजी, बरं वाटतंय ना?"

तुमचे आकडे आणि आलेख मला जरूर पाठवा. भेटू पुढच्या अंकात!